टकळीने भाषाविज्ञान घेतलं

आमच्या वर्गात तिला सगळे टकळी म्हणायचे. नाव तिच्या आत्याने ठेवलेलं. शाळा सुटली, कॉलेज सुरू झालं, तरी ते नाव काही सुटलं नाही. पहिल्याच दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तास सुरू होण्याआधी मला तिच्या घरातली सगळी माणसं, त्यांचे स्वभाव आणि आपसातली भांडणं पाठ झाली. मी फक्त माझं नाव सांगितलं होतं, तेही तिने विचारलं म्हणून.

बोलणं तिच्या घरचंच. वडील बस स्थानकावर घोषणा करायचे. सगळं शहर त्यांचा आवाज ओळखायचं, चेहरा मात्र कुणालाच माहीत नव्हता. एकदा ते दुकानात गेले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात "साखर द्या" म्हणाले, तर मागे उभ्या असलेल्या बाईने दचकून आपली पिशवी उचलली. गाडी लागली असंच तिला वाटलं. ही गोष्ट टकळीचे बाबा स्वतः रंगवून सांगायचे. घरी जेवायला बसले की बाप-लेकीची जुगलबंदी चालायची आणि आई म्हणायची, "अरे, घासाला तरी जाऊ द्या आत!" आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दिवसभर बारीक काम करून आलेल्या त्या माऊलीला घरी शांतता हवी असायची, पण ती काही तिच्या नशिबात नव्हती.

आम्ही दोघी इंग्रजी विषय घेऊन पदवी करत होतो. तिसऱ्या वर्षी त्यातली एक शाखा निवडायची असे. साहित्य, अध्यापन, व्यावसायिक लेखन आणि भाषाविज्ञान, अशा चार. टकळी साहित्याला जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ती उभी राहून उतारा वाचायला लागली की मागच्या बाकावरचे फोन खिशात जायचे. साहित्याच्या सरांनी तर पुढच्या वर्षीच्या नाटकातली मोठी भूमिका तिच्यासाठी आधीच ठेवून टाकली होती. आणि तिलाही तेच हवं होतं.

दुसरं वर्ष निम्मं सरलं होतं. एका सकाळी तिचे बाबा बेसिनसमोर दात घासत होते आणि हातातला ब्रश खाली पडला. ते वाकले, तर उजवा पाय दुमडला. आईने आणि तिने कसंबसं सावरून त्यांना खुर्चीत बसवलं. "काय होतंय?" आई विचारत होती. बाबा तोंड उघडत होते, पण शब्दच येत नव्हता.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. पाय हळूहळू सुधारला, हातही थोडा हलायला लागला. बोलणं तेवढं परतलं नाही. त्यांना सगळं कळायचं. विनोदाला ते हसायचे, बातम्या ऐकून मान हलवायचे. पण पाणी हवं असेल तर ग्लासाकडे बोट दाखवायचे, आणि ग्लास समोर नसेल तर नुसते बघत राहायचे. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना कुठे जायचं ते सांगितलं, त्याला आता स्वतःच्या घरात पाणी मागता येईना.

टकळी कॉलेजात यायची, पण बोलायची नाही. आम्ही आपले तिला हसवायला बघायचो. ती हसायची आणि पुन्हा गप्प.

मग एक दिवस ती धावतच माझ्याकडे आली. "बाबा बोलले!" म्हणाली. मी आनंदाने ओरडणार, तर तिने माझा हात धरला. "तसं नाही. ऐक आधी."

झालं होतं ते असं. बाबा खिडकीशी बसले होते. बाहेरून एक बस हॉर्न वाजवत गेली. आणि बाबांनी मान ताठ केली आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जलद गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे."

आईच्या हातातलं भांडं पडलं. ती धावत आली. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा बघू!"

बाबांनी पुन्हा म्हटलं. एकही अक्षर न अडखळता.

"देवा! आता पाणी म्हणा. म्हणा, पाणी."

"प..." बाबा म्हणाले. "प... प..." चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि शेवटी त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. आईने त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

बोलण्याचे उपचार करणारी एक थेरपिस्ट त्यांच्याकडे यायची. तरुण होती, तिला कामाची हौस होती. टकळीने तिला गाठलं. "जो माणूस एवढं लांब वाक्य बोलतो, त्याला एक साधा शब्द का येत नाही?"

थेरपिस्ट म्हणाली, "असं पुष्कळांचं होतं. कुणी अंक मोजतं, कुणी गाणं म्हणतं. पाठ झालेलं मेंदूत वेगळीकडून येतं, नवं बोलणं वेगळीकडून. पण वाक्य आतून कसं बांधलेलं असतं, ते मला तुला नीट समजावता यायचं नाही. तू इंग्रजी शिकतेस ना? तुमच्याकडे भाषाविज्ञान शिकवणारं कुणी असेलच की."

होत्या. भाषाविज्ञानाच्या बाईंची खोली कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात, मोडकी बाकं रचून ठेवली होती त्याच्या पलीकडे होती. बाई कडक म्हणून प्रसिद्ध, आणि त्यांचा विषय त्याहून कडक. पहिल्या वर्षाला व्याकरण शिकवायच्या तेवढंच. त्यांची शाखा कागदावर होती, पण मुलं येत नाहीत म्हणून गेली काही वर्षं वर्गच भरला नव्हता. टकळी एकटी जायला घाबरली, म्हणून मला ओढून घेऊन गेली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "पाठ झालेलं वाक्य हे वाक्य राहतच नाही, मुली. तो एक लांबलचक शब्द होतो. तुझे वडील ती घोषणा बनवत नाहीत. डब्यातून बिस्किट काढावं तशी अख्खी काढतात. 'मला पाणी दे' हे मात्र दर वेळी नव्याने रचावं लागतं. रचणाऱ्या कारागिराला दुखापत झालीय. डबा शाबूत आहे."

टकळी टेबलाजवळ सरकली. मग म्हणाली, "बाई, मग ते बिस्किट मोडता येईल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे घोषणा अख्खी येते ना, तर तिच्यातला एकच तुकडा बदलायचा. 'फलाट क्रमांक तीनवर' काढायचं आणि 'टेबलावर' घालायचं. मग पुढे दुसरा तुकडा."

बाईंनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघितलं. "हा प्रश्न पुढच्या वर्षी माझ्या वर्गात विचार."

"वर्ग आहे का, बाई?"

"मुलं आली तर आहे."

परत येताना ती कॉलेजच्या पायऱ्यांवर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, बाबांसाठी. तर म्हणाली, "अगं, मला साहित्यच हवं होतं. मला ते नाटक करायचं होतं. पण आता मला ते जमणार नाही. पुस्तकातल्या माणसाचं दुःख वाचत बसायचं आणि घरी हे... आणि खरं सांगू? मघाशी बाई बोलत होत्या ना, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला मजा वाटत होती. बाबांच्या आजाराची मजा वाटते, मी काय माणूस आहे!"

मी म्हटलं, "आजाराची नाही गं वाटत. वाक्याची वाटते."

तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "हे बरं सुचलं तुला."

घरी मात्र वादळ उठलं. त्या रविवारी मी तिथेच होते. आत्या आली होती. ही बाबांची मोठी बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली, आणि साऱ्या घराण्याची सरन्यायाधीश. बाबा तिला ताई म्हणायचे आणि तिच्यासमोर अजूनही पाय दुमडून बसायचे.

"भाषेचं विज्ञान?" आत्या म्हणाली. "भाषा काय परीक्षानळीत घालून उकळणार आहेस? घरची परिस्थिती बघ. व्यावसायिक लेखन घे. चार ओळी नीट लिहिता आल्या की कुठल्याही ऑफिसात खुर्ची मिळते. अगदी नकोच असेल तर अध्यापन घे. शाळा काही बंद पडत नाहीत."

"आत्या, मला..."

"तुला काय? तुझी जीभ तुझी भाकरी आहे. बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तू जाऊन त्या अंधाऱ्या खोलीत बसणार आणि अ का म्हणायचं आणि आ का म्हणायचं ते शोधणार!"

"वन्सं, जरा ऐकून तर घ्या ती काय म्हणते," आई म्हणाली.

"ऐकलं की! तिच्या बापाने ऐकून ऐकूनच तिला अशी केलीय."

तिघी एकदम बोलायला लागल्या. कुणाचं काय चाललंय तेच कळेना. तेवढ्यात टेबलावर जोरात थाप बसली. बाबा उठून उभे राहिले होते. डावा हात टेबलावर, उजवा पाय थरथरतोय, आणि डोळे आपल्या बहिणीवर.

"लक्ष द्यावे!" ते गरजले.

सगळ्या गप्प झाल्या. बाबांनी हात उचलला आणि मुलीकडे दाखवला. "लक्ष... द्यावे," पुन्हा म्हणाले, हळू. आणि खाली बसले.

 आत्याने पर्स मांडीवर घेतली, उगीच उघडली, बंद केली. "बोल बाई," ती टकळीला म्हणाली. "तुझा बाप म्हणतोय तर बोल. ऐकते."

आणि टकळी बोलली. बिस्किटाचा डबा, कारागीर, सगळं सांगितलं. आत्याला किती कळलं देव जाणे, पण निघताना ती दारात थांबून म्हणाली, "घ्यायचंय तर पहिला नंबर काढ. मधलं काही मला चालणार नाही."

घरचा गड सर झाला, तर कॉलेज आडवं आलं. विभागप्रमुख सरांनी तिचा अर्ज बघितला आणि डोकं खाजवलं. सर वाईट नव्हते, अडचणीत होते. "एका मुलीसाठी वर्ग कसा चालवू? निदान पाच जण हवेत. तू साहित्यात ये ना. तुझ्यासाठी सगळे टपून बसलेत."

"सर, पाच जण आणले तर?"

"आण की," सर हसले. "मी कुठे नाही म्हणतोय?"

दुसऱ्या दिवशी पहिला तास संपला आणि टकळी उठून फळ्यापाशी गेली. कित्येक आठवड्यांनी ती वर्गासमोर उभी होती. तिने फळ्यावर लिहिलं: दोन मोठी लाल फुलं. त्याखाली: लाल मोठी दोन फुलं.

"दुसरं कसं वाटतं?" तिने विचारलं.

"चुकल्यासारखं," कुणीतरी म्हणालं.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे चूक आहे म्हणून? आईने? बाईंनी? कुणी कधी सांगितलं का, की आधी आकडा, मग आकार, मग रंग?"

वर्गात कुजबुज झाली. कुणालाच आठवेना.

"आता इंग्रजीत करून बघा. तिथेही तोच क्रम. दोन भाषा एकमेकींपासून केवढ्या लांबच्या, आणि फुलं मात्र एकाच रांगेत. तुमच्या डोक्यात हे कायदे आहेत आणि तुम्हाला ते माहीतसुद्धा नाहीत. माझ्या बाबांच्या डोक्यातले कायदे हलले, म्हणून मला कळलं की असं काही असतं." मग तिने बाबांची सगळी गोष्ट सांगितली. लाजली नाही, रडली नाही. खिडकी, हॉर्न, घोषणा, आणि पाणी. "मला चार जण हवेत," ती शेवटी म्हणाली. "विषय अवघड आहे. बाई कडक आहेत. खोलीचा पंखा आवाज करतो. खोटं सांगून कुणाला नेणार नाही."

मी हात वर केला. मैत्रीण म्हणून केला असं तिला वाटलं, पण खरं म्हणजे मला त्या फुलांनी पकडलं होतं. दुसरी आली ती आमच्या वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. तिला बोलण्याबद्दल एवढं कुतूहल असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिसरा एक कोडी सोडवणारा, त्याला गणिताला प्रवेश मिळाला नव्हता. चौथ्याला सकाळी लवकर उठायचं नव्हतं आणि साहित्याचे तास सकाळी असायचे. टकळी म्हणाली, "कारण कुठलंही चालेल. चल."

पाच जणांची रांग विभागप्रमुखांच्या दारात उभी राहिली तेव्हा सरांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग मागच्या व्हरांड्याकडे. "बाईंना सांगा," ते म्हणाले, "पंखा दुरुस्त करून घेतो."

तिसरं वर्ष सुरू झालं आणि त्या खोलीत जीव आला. बाई खरंच कडक होत्या. पण मुलं समोर बसलेली बघून त्या कधीकधी बोलता बोलता थांबायच्या आणि स्वतःशीच खूश व्हायच्या. वर्षभराचा प्रकल्प करायचा होता. टकळीचा विषय ठरलेलाच होता. थेरपिस्टने आधी नकारार्थी मान हलवली. "घोषणेतच अडकून पडले तर? सगळं घर बस स्थानक होईल." बाई म्हणाल्या, "एका वेळी एकच तुकडा बदलायचा. आणि तुम्ही समोर असाल तेव्हाच." तिघींचं जमलं.

सुरुवात वाईट झाली. टकळी टेबलावर कप ठेवायची. बाबा म्हणायचे, "जलद गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." ती म्हणायची, "जलद गाडी... टेबलावर... उभी आहे." बाबा तिच्या तोंडाकडे बघत, ओठ हलवत, आणि पुन्हा फलाट क्रमांक तीन. आठवडेच्या आठवडे तेच. एकदा त्यांनी चमचा भिरकावला. एकदा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. टकळी वर्गात यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे. बाई तिला काही समजावत बसायच्या नाहीत. "कालचं रेकॉर्डिंग लाव," म्हणायच्या, आणि आम्ही पाच जण डोकी एकत्र करून ऐकायचो. एके दिवशी त्या अबोल मुलीने हात वर केला. "ते 'क्रमांक' म्हणताना थांबतायत," ती म्हणाली. "आधी थांबत नव्हते."

पुन्हा लावलं. खरंच. अख्ख्या बिस्किटाला तडा गेला होता.

त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही सगळे तिच्या घरी होतो. दाराची घंटा वाजली. आईने दार उघडलं, तर आत्या. छत्री मिटत उभी. बाबांनी वर बघितलं. मान ताठ केली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले. "ताई... फलाट... ताई..."  टकळीने ओठ घट्ट मिटून घेतले होते, मदत करायची नाही म्हणून. "ताई दारात उभी आहे."

 मग आत्याची छत्री हातातून पडली आणि ती म्हणाली, "अरे मेल्या, मग आत ये म्हण की!" आणि हसता हसता तिथेच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. बाबाही हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ताई दारात उभी आहे. ताई दारात उभी आहे," जसं लहान मुलाला नवं खेळणं मिळावं. कोडीवाल्याने माझ्या पाठीत एवढा जोराचा धपका घातला की मला ठसका लागला.

मग घराचं खरोखर बस स्थानक झालं. "दूध गॅसवर उभं आहे." "मांजर पलंगावर उभी आहे," म्हणजे शेजारची मांजर पलंगावर चढून झोपली आहे. आम्ही गेलो की "प्रवासी खुर्चीवर उभे आहेत," आणि आम्ही पटकन बसायचो. मग 'उभं' गेलं आणि 'आहे' राहिलं. मग 'हवं' आलं. "कृपया लक्ष द्यावे" गळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एका दुपारी आई चष्म्याची काच पुसत बसली होती आणि मागून आवाज आला, "पाणी हवं." एवढंच. आईने वळून बघितलं नाही. मला म्हणाली ती नंतर, "वळले असते तर रडत बसले असते, आणि पाणी द्यायचं राहून गेलं असतं." उठली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "अजून हवं?" "नको," बाबा म्हणाले.

प्रकल्प सादर करायचा दिवस आला. हॉल अर्धा भरला होता. बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक आले होते, त्यांचं नाव ऐकूनच लोक घाबरायचे. पहिल्या रांगेत आई, आत्या, थेरपिस्ट आणि बाबा. टकळी बोलायला उभी राहिली. आवाज आधी जरा चिरकला, मग सापडला. तिने रेकॉर्डिंग ऐकवली, तुकडे दाखवले, कुठला आधी सुटला, कुठला नंतर.

परीक्षक शांतपणे म्हणाले, "छान. पण मेंदू आपला आपणही बराच सुधारतो. हे तुमच्या सरावामुळे झालं, कशावरून?"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मला वाटलं, संपलं. पण टकळी त्याच प्रश्नाची वाट बघत होती.

"म्हणूनच काही वाक्यं आम्ही मुद्दाम शिवली नाहीत, सर," ती म्हणाली. "तितकीच लांब, तितकीच रोजच्या वापरातली. त्यांचा सराव कधीच केला नाही, फक्त अधूनमधून विचारून बघितली. आपोआप सुधारणा होत असती तर दोन्ही सारखी पुढे आली असती. सरावाची पुढे आली. बाकीची पुष्कळ मागे राहिली, आणि मग हळूहळू त्यांच्यामागून आली." ती थांबली. "पण हे एकाच माणसाचं आहे. एकावरून सगळ्यांचं सांगता येणार नाही. मी सांगणारही नाही."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली. बाबा उठत होते. आईने कोपर धरलं, त्यांनी ते हळूच सोडवलं.

"मी... सांगतो," बाबा म्हणाले.

 त्यांनी शब्द शोधला, तोंडात धरला, टाकला, दुसरा घेतला.

"आपोआप... थोडं झालं. हो." परीक्षकांकडे बघून त्यांनी मान डोलावली. "बाकी... हिने. रोज. मी... चमचा फेकला. तरी... रोज."

आणि बसले. परीक्षक उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, मग सगळा हॉल. बाई मागे भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मी बघितलं म्हणून त्या माझ्यावर रागावल्या.

टकळी विभागात पहिली आली. आत्याने निकाल स्वतः बोर्डापाशी जाऊन वाचला, दुसऱ्यावर विश्वास नव्हता. परत येऊन सगळ्या व्हरांड्याला सांगितलं, "भाषाविज्ञान! आमच्याच घरातलं!" पुढच्या वर्षी त्या शाखेला इतकी मुलं आली की मागची खोली पुरली नाही आणि मोडकी बाकं दुरुस्त करून आत न्यावी लागली. साहित्याच्या सरांनी तिला नाटकाच्या तालमीला बोलावलं, कलाकारांचे उच्चार घासायला. ती गेली आणि दोन ओळींची भूमिकाही करून आली. त्या दोन ओळींच्या तिने चार केल्या म्हणे.

पदवीनंतर तिने बोलण्याच्या उपचारांचं शिक्षण घेतलं. आता ती त्याच थेरपिस्टच्या शेजारच्या खोलीत बसते. शब्द हरवलेली माणसं येतात, त्यांच्या बायका, मुलगे, सुना येतात. ती आधी रुग्णाला विचारते, "तुमचं काम काय होतं?" आणि मग कान देऊन ऐकते. घरी आल्यावर पुन्हा टकळी. तिच्या आईची शांततेची हौस अजून पुरी व्हायचीच आहे.

बाबांना स्थानकाने परत बोलावलं. सगळ्यांना वाटलं, माइकसमोर बसवतील, कारण घोषणा तर त्यांना झोपेतही यायची. बाबा नाही म्हणाले. त्यांनी चौकशीची खिडकी मागितली, जिथे प्रत्येक माणूस नवाच प्रश्न घेऊन येतो.

परवा मी तिथून जात होते. खिडकीसमोर रांग होती. एक माणूस घाईने विचारत होता, गाडी चुकलीय, आता काय करू, कुठून बदलू. मागचे कुरकुरत होते. बाबांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. रांग थांबली.

"इथून... आतल्या गावची गाडी घ्या," ते म्हणाले. "नदीच्या पुलापाशी उतरा. तिथे... तुमची गाडी... वळसा घालून येते. तुम्ही आधी पोचाल. पण पळा!"

माणूस पळाला. बाबांनी मान वर केली.

"बोला. पुढचं कोण?"